जुनी गाडी : शोरूमला द्यावी की गिऱ्हाईक शोधावे?

जनावरांच्या बाजारात हेडी आणि शेतकरी टॉवेलाखाली हात घालून बोटांच्या खुणांनी बैलाचा भाव ठरवतात, हे आपल्यापैकी खेड्यांतून येणाऱ्या विद्यार्थ्यांना सांगायला नको. भोवती दहा माणसे उभी असतात, पण भाव कळतो तो दोघांनाच. आता बैलाची जागा मोटारीने आणि दुचाकीने घेतली, टॉवेलही गेला. झाकलेला भाव मात्र गेलेला नाही. तो आता शोरूमच्या कोटेशनमध्ये असतो, इतकेच.

जुनी गाडी काढून नवी घ्यायची वेळ आली की बहुतेक घरांत दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, "जुनी शोरूमलाच द्या, तेवढी रक्कम नव्या गाडीच्या किमतीतून वजा होईल, डोक्याला ताप नको." दुसरा म्हणतो, "शोरूमवाला फुकटात उचलतो, बाहेर गिऱ्हाईक बघा, चार पैसे जास्त मिळतील." दोघांचेही म्हणणे अर्धे खरे आहे. वाणिज्य शाखेचा विद्यार्थी या नात्याने या दोन अर्ध्या सत्यांची बेरीज करून पाहावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम, शोरूम कमी भाव का देते ते पाहू. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला. पुढे २००१ साली त्यांना मायकेल स्पेन्स व जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासमवेत अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, त्यात या निबंधाचा वाटा मोठा होता. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : गाडीत काय बिघाड आहे ते विकणाऱ्याला ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा प्रत्येक गाडीत काहीतरी खोट असेल असे धरून भाव कमी करतो. भाव कमी मिळतो म्हणून चांगल्या गाडीचा मालक बाजारात येतच नाही, आणि बाजारात उरतात त्या जास्त करून खोटीच्या गाड्या. आपल्याकडे "ओल्याबरोबर सुके जळते" म्हणतात, तशातलाच हा प्रकार. शोरूमवाला रोज अनभिज्ञ स्थितीत गाड्या घेतो. त्यामुळे दहा गाड्यांतील दोन वाईट निघतील त्यांचे नुकसान तो दहाही जणांच्या भावातून आधीच कापून ठेवतो. आपली गाडी चांगली असेल तर दुसऱ्याच्या वाईट गाडीचा भार आपण उचलतो.

शिवाय त्याचे स्वतःचे खर्च आहेत. गाडी धुऊन-पुसून, दुरुस्त करून, जागा अडवून ठेवायची, भांडवलावर व्याज भरायचे, वर कर. नोंदणीकृत व्यापारी जुनी गाडी विकतो तेव्हा खरेदी आणि विक्री यांतील फरकावर वस्तू व सेवा कर भरतो. पूर्वी गाडीच्या आकारानुसार हा दर १२ किंवा १८ टक्के होता. जानेवारी २०२५ मध्ये तो सरसकट १८ टक्के झाला. म्हणजे २ लाखांना घेतलेली गाडी त्याने अडीच लाखांना विकली, तर ५०,००० च्या फरकावर ९,००० रुपये कर. आपण व्यापारी नसताना आपली घरची गाडी दुसऱ्या माणसाला विकली, तर हा कर लागत नाही. तेव्हा दोन्ही भावांतील तफावत म्हणजे सगळा शोरूमचा नफा, असे समजणे बरोबर नाही.

आता हिशेब मांडू. आकडे सोयीसाठी घेतले आहेत. वाचकांनी त्या जागी आपले आकडे घालावेत. समजा नवी गाडी ७,००,००० रुपयांची आहे. शोरूम जुन्या गाडीचे २,००,००० देते, आणि वर २०,००० रुपये 'एक्स्चेंज बोनस' देते. म्हणजे आपल्याला ४,८०,००० भरावे लागतील. हीच जुनी गाडी बाहेर २,४०,००० ला जाते. पण त्यासाठी सर्व्हिसिंग, किरकोळ रंगकाम आणि एजंटची दलाली मिळून ९,००० खर्च येतो. हाती उरले २,३१,०००. नव्या गाडीसाठी भरायचे ४,६९,०००. पहिल्यांदा ४०,००० चा वाटणारा फरक ११,००० वर आला! महिनाभर अनोळखी माणसांना गाडी दाखवणे आणि पुढची जोखीम घेणे यांची ही मजुरी समजा. कुणाला ती परवडेल, कुणाला नाही.

परंतु येथे एक खुबी आहे. जुनी गाडी न देणाऱ्या गिऱ्हाइकाला तेच शोरूम १०,००० रुपये रोख सूट देत असेल, तर खरा फरक २१,००० होतो. एका खिशातून काढलेले दुसऱ्या खिशात घालून दाखवणे हे या व्यवहाराचे मर्म आहे : जुनीचा भाव वाढवून सांगायचा आणि नवीची सूट गुपचूप कमी करायची, किंवा याच्या उलट. म्हणून पहिल्या भेटीत जुन्या गाडीचा विषयच काढू नये. नवीचा अंतिम भाव कागदावर लिहून घ्यावा, मग जुनीचा भाव स्वतंत्रपणे विचारावा, आणि शेवटी एकच आकडा पाहावा : आपल्या खिशातून एकूण किती जाणार? टॉवेल उचलायचा तो असा.

करांच्या बाबतीत एक गैरसमज ऐकू येतो. अमेरिकेतील अनेक राज्यांत जुनी गाडी शोरूमला दिली की विक्रीकर फक्त उरलेल्या रकमेवर लागतो, त्यामुळे तेथे अदलाबदलीला एक जास्तीचा फायदा आहे. आपल्याकडे तसे नाही. वस्तू व सेवा कराच्या २०१७ च्या नियमांतच एक उदाहरण दिले आहे : जुना फोन घेऊन नवा फोन २०,००० ला दिला आणि अदलाबदलीशिवाय त्याची किंमत २४,००० असली, तर कर २४,००० वर. गाडीलाही तेच तत्त्व लागू. आमच्या उदाहरणात कर पूर्ण किमतीवरच बसेल, ४,८०,००० वर नव्हे. तेव्हा "जुनी आम्हाला द्या, टॅक्स वाचेल" असे कुणी सांगितले तर हसून सोडून द्यावे.

दुसरी गोष्ट, नवीचा भाव उतरला की जुनीचाही उतरतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान मोटारी आणि ३५० सी.सी. पर्यंतच्या दुचाकी यांवरील कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला. आपण २८ टक्के भरून गाडी घेतली होती, हे गिऱ्हाइकाला सांगून उपयोग नाही. जुनीची तुलना तो आजच्या नवीशी करणार. घातलेला पैसा आणि आजचे मोल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आम्हाला पहिल्या वर्षीच शिकवले आहे. पण स्वतःची गाडी विकताना ते आठवत नाही!

येथवर झाला पैशाचा विचार. याहून महत्त्वाचा आहे तो नावाचा विचार. गाडीचे पैसे हातात पडले म्हणजे गाडी विकली, असे आपण समजतो. कायदा तसे समजत नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ प्रमाणे आर.टी.ओ.च्या नोंदीत ज्याचे नाव, तो मालक. कलम ५० नुसार राज्यातल्या राज्यात विक्री झाली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत कळवायचे असते, आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आपले नाव चढवून घ्यायचे असते. फॉर्म २९ आणि फॉर्म ३० ते हेच. प्रत्यक्षात काय होते? कोऱ्या फॉर्मवर सह्या करून देतात, एजंट "मी बघतो" म्हणतो, आणि गाडी दोन-तीन हात बदलते. नाव मात्र पहिल्याचेच राहते. अशाच एका प्रकरणात (नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार) सर्वोच्च न्यायालयाने ६ फेब्रुवारी २०१८ रोजी निर्णय दिला की, गाडी मधल्या काळात कितीही हातांत गेली असली, तरी अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावरच राहते.

हा निर्णय मी पुस्तकात वाचण्याआधी घरात अनुभवला. माझ्या मामांनी आपली मोटारसायकल ओळखीच्याच एका गृहस्थांना विकली. व्यवहार रोख, सह्या कोऱ्या फॉर्मवर, कारण "आपलाच माणूस आहे". त्या गृहस्थांनी ती पुढे विकली. पुढच्या मालकाने विमा भरला नाही, आणि त्याच गाडीने एका पादचाऱ्याला धडक दिली. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची नोटीस आली ती मामांच्या नावे. ज्याला त्यांनी कधी पाहिलेही नाही अशा माणसाच्या चुकीसाठी मामा आज वकिलाकडे खेपा घालत आहेत, आणि घरातील अर्धा एकर जमीन विकावी लागेल की काय, या काळजीने मामींची झोप उडाली आहे. ज्याचा पाय मोडला त्या बिचाऱ्यालाही अजून काही मिळालेले नाही. गाडीचे चार हजार जास्त मिळाले होते, एवढीच त्या व्यवहारातील कमाई.

शोरूमला गाडी दिली म्हणजे ही जोखीम आपोआप टळते असेही नाही. तेथेही कोऱ्या सह्या घेण्याची पद्धत होतीच. यावर उपाय म्हणून केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये नियम केले. ते १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याने आर.टी.ओ.कडून अधिकारपत्र घ्यायचे, आणि अशा अधिकृत व्यापाऱ्याला गाडी सोपवताना मालकाने फॉर्म २९-सी मधून ते कळवायचे. तसे झाले की पुढे विक्री होईपर्यंत तो व्यापारीच मालक मानला जातो. म्हणून शोरूममध्ये पहिला प्रश्न "किती देता?" हा नसून "तुमच्याकडे अधिकारपत्र आहे का, आणि २९-सी भरणार का?" हा असावा. उत्तर गुळमुळीत आले तर शोरूम काय आणि रस्त्यावरचा एजंट काय, जोखीम सारखीच.

आपण सीमेवर राहतो, त्यामुळे आणखी एक मुद्दा. बेळगावची के.ए. २२ ची गाडी गडहिंग्लज-चंदगडच्या गिऱ्हाइकाला विकायची तर इथल्या आर.टी.ओ.चे ना-हरकत प्रमाणपत्र लागते, त्यासाठी फॉर्म २८. घेणाऱ्याला महाराष्ट्रात कर भरावा लागतो. इथल्या उरलेल्या काळाच्या कराचा परतावा वेगळा अर्ज करून मागावा लागतो. इतका व्याप नको म्हणून पुष्कळ गाड्या जुन्याच नंबरावर आणि जुन्याच नावावर पलीकडे फिरत राहतात. पलीकडचा माणूस चार पैसे जास्त देतो तेव्हा त्यात या व्यापाची किंमत धरली आहे का, ते तपासावे.

स्वतः गिऱ्हाईक शोधणाऱ्यांनी पुढील गोष्टी पाळाव्यात. गाडीवर कर्ज असेल तर ते फेडून बँकेकडून फॉर्म ३५ घ्यावा आणि आर.सी.वरील बोजा उतरवून घ्यावा. थकलेले दंड भरून टाकावेत. चालवून बघायला देताना परवाना पाहावा आणि शेजारी स्वतः बसावे. पैसे बँकेतून घ्यावेत; २ लाख किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेण्यास आयकर कायद्याने २०१७ पासून मनाई आहे. पैसे खात्यात जमा झाल्यावरच किल्ली द्यावी, आणि तारीख-वेळ घालून ताबा-पावती करावी. फास्टॅग बंद करावा, नाहीतर नवा मालक कोगनोळीच्या नाक्यावरून जाईल आणि पैसे आपल्या खात्यातून कटतील. सर्वांत मोठे म्हणजे, अर्ज आपल्या देखत सादर व्हावा, आणि नाव बदलले की नाही ते नंतर परिवहनच्या संकेतस्थळावर पाहून घ्यावे.

विम्याचेही विसरू नये. गाडीबरोबर विमा घेणाऱ्याकडे जातो व त्याने १४ दिवसांत विमा कंपनीला कळवायचे असते. पण 'नो क्लेम बोनस' माणसाचा असतो, गाडीचा नव्हे. दावा न करता पाच वर्षे गेली तर ही सवलत, अपघाती नुकसानीच्या हप्त्यावर, ५० टक्क्यांपर्यंत जाते. विकताना कंपनीकडून तसे पत्र घेतले तर तीन वर्षांच्या आत नव्या गाडीला ती वापरता येते. शोरूममध्ये हे कुणी आपण होऊन सांगेलच असे नाही.

मग शेवटी काय करावे? गाडी खपणाऱ्या मॉडेलची आणि सुस्थितीत असेल, कागद स्वच्छ असतील, हाताशी महिना असेल, तर स्वतः गिऱ्हाईक शोधणे फायद्याचे. मॉडेल बंद पडलेले असेल, कर्ज शिल्लक असेल, घरात एकटी वृद्ध माणसे असतील, किंवा आर.टी.ओ.त जायला कुणाला सवड नसेल, तर अधिकृत शोरूमच बरे. आमच्या घरी गेल्या दिवाळीत हा प्रश्न आला तेव्हा वडिलांनी दोन्ही हिशेब कागदावर मांडायला लावले. गडहिंग्लजचा माणूस पाच हजार जास्त देत होता. वडिलांनी गाडी दिली ती खानापूरच्या एका शिक्षकांना, कारण ते दुसऱ्याच दिवशी आर.टी.ओ.त बरोबर यायला तयार होते. पाच हजार गेले याचे वडिलांना काही वाटले नाही.

वाचकांपैकी ज्यांनी मागे कधी गाडी विकली असेल, त्यांना एक विनंती. आज घरी गेल्यावर त्या गाडीचा नंबर घालून मालकाच्या नावाची अद्याक्षरे पाहा. ती तुमच्याच वडिलांची किंवा काकांची निघाली, तर गाडी अजून विकली गेलेली नाही असे समजा आणि उद्याच आर.टी.ओ.ची वाट धरा.