पालेभाजी आणि पाणी

बंगळूरच्या बाजारात पालक, मेथी, राजगिरा, कोथिंबीर यांच्या जुड्यांचे ढीग लागतात. कन्नडमध्ये पालेभाजीस ‘सोप्पु’ म्हणतात. ही पाने टवटवीत दिसतात. परंतु टवटवीतपणा व शुद्धता या दोन भिन्न गोष्टी होत. पान कोणत्या पाण्यावर वाढले, हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही.

या शहरातच उगम पावणारी वृषभावती नदी अनेक दशके शहराचे सांडपाणी वाहून नेत आली आहे. ते पाणी बिडदीजवळील बैरमंगल जलाशयात जाते आणि त्यावर भोवतालची शेती भिजत आली आहे. सांडपाण्यात नत्र व स्फुरद असल्यामुळे पीक जोमाने वाढते, शिवाय हे पाणी उन्हाळ्यातही आटत नाही. पण त्याच्याबरोबर माणसांच्या व गुराढोरांच्या आतड्यांतील जीवाणूही शेतात शिरतात.

त्यांपैकी एश्चेरिशिया कोलाय हा जीवाणू थिओडोर एश्चेरिश यांनी १८८५ मध्ये वर्णन केला. त्याचे बहुतेक प्रकार निरुपद्रवी आहेत. मात्र १९८२ मध्ये अमेरिकेत रोगकारक म्हणून ओळखला गेलेला ‘ओ१५७’ हा प्रकार तीव्र विष निर्माण करतो. त्यामुळे रक्ती अतिसार होतो आणि काही रुग्णांचे, विशेषतः लहान मुलांचे, मूत्रपिंड निकामी होऊ शकते.

भाजी धुतली म्हणजे धोका टळला, असे समजले जाते. धुण्याने माती व काही जीवाणू निघून जातात. परंतु पानाच्या सुरकुत्यांत, पर्णरंध्रांत व कापलेल्या कडांवर चिकटून बसलेले जीवाणू तसेच राहतात. २०१८ मध्ये अमेरिकेत सॅलडच्या पानांमुळे २१० लोक आजारी पडले व ५ दगावले. त्या जीवाणूचा माग युमा भागातील सिंचनाच्या कालव्यापर्यंत पोहोचला.

उष्णता मात्र या जीवाणूंचा नाश करते. म्हणूनच उकळून केलेले ‘सोप्पिन सारू’ किंवा आपली शिजवलेली पातळभाजी बहुतांशी सुरक्षित असते. धोका उरतो तो कोशिंबिरीवर वा चटणीत कच्च्या पडणाऱ्या मूठभर कोथिंबिरीत. ती वाहत्या स्वच्छ पाण्याखाली धुणे इष्टच. तथापि स्वयंपाकघरातील दक्षता शेतातील पाण्याचा दोष पूर्णपणे निवारू शकत नाही. सांडपाणी शुद्ध करूनच शेतात सोडणे हा त्यावरचा खरा उपाय होय.