राणीछाप रुपया आणि दत्तकाचा प्रश्न

व्हिक्टोरिया राणीचें नांव आपल्या जुन्या घरांत राणीछाप रुपयामुळें सर्वांच्या तोंडीं होतें. तिची थोरवी सांगणारीं चरित्रें पुष्कळ आहेत. पण तिची ६३ वर्षांची कारकीर्द साताऱ्याहून व सांगलीहून कशी दिसते, हें पाहणें आम्हांस अधिक उद्बोधक वाटतें.

राणीचा जन्म २४ मे १८१९ चा. त्याच वर्षीं कंपनी सरकारनें प्रतापसिंह महाराजांशीं तह करून त्यांस साताऱ्याचें राज्य दिलें. १८३७ सालीं नुकतीं अठरा वर्षें पुरी केलेली व्हिक्टोरिया सिंहासनावर बसली. १८३९ सालीं कंपनीनें महाराजांस पदच्युत करून काशीस धाडलें. त्यांची कैफियत घेऊन रंगो बापूजी गुप्ते विलायतेस गेले व १३ वर्षांहून अधिक काळ लंडनांत झगडले. परंतु सिंहासन राणीचें आणि हिंदुस्थानचा कारभार कंपनीच्या डायरेक्टरांचा, अशी तेथील व्यवस्था! दाद लागली नाहीं. महाराज १८४७ सालीं काशीस निवर्तले. पुढील वर्षीं त्यांचे बंधु शहाजी यांनीं मृत्युशय्येवर दत्तक घेतला. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क राज्य खालसा करण्याच्या विरुद्ध होते. तरीहि डलहौसीनें दत्तक नाकारून सातारा गिळंकृत केला. १८५७ सालीं रंगो बापूजींचे पुत्र सीताराम यांस साताऱ्यास प्राणदंड झाला. स्वतः रंगो बापूजी सरकारच्या हातीं कधींच लागले नाहींत.

यानंतर १ नोव्हेंबर १८५८ रोजीं राणीचा जाहीरनामा निघाला: संस्थानिकांशीं झालेले तह पाळूं, राज्यविस्तार नको. पुढें संस्थानिकांस दत्तकाच्या सनदाहि मिळाल्या. याचें फळ सांगलीस दिसलें. जानेवारी १९०१ मध्यें राणी वारली. त्याच वर्षाच्या अखेरीस सांगलीचे धुंडिराव तात्यासाहेब पटवर्धन औरस वारसावांचून निवर्तले. तरीहि संस्थान खालसा झालें नाहीं. १९०३ सालीं दत्तक चिंतामणराव आप्पासाहेब गादीवर आले आणि १९४८ च्या विलीनीकरणापर्यंत सांगली टिकली.

हें सारें राणीच्या दयाबुद्धीचें फळ मानणें भाबडेपणाचें होईल. तिच्या नांवानें मंत्रिमंडळ राज्य करी, आणि त्यास शहाणपण शिकविलें तें सत्तावन्नच्या वणव्यानें. जो हक्क साताऱ्यास नाकारला, तोच पुढें सांगलीस लाभला. मात्र चूक उमगल्यावरहि साताऱ्याची गादी कोणी परत केली नाहीं. राणीच्या कारकीर्दीचा जमाखर्च मांडतांना सांगलीची जमा लिहावी, तशी साताऱ्याची बाकीहि लिहावी, एवढेंच आमचें म्हणणें.