पेशीच्या उंबऱ्यावरचा सामू

मातीपरीक्षणाच्या अहवालातला ‘सामू’ (pH), म्हणजे आम्लतेचं माप, शेतकऱ्यांच्या चांगल्या ओळखीचा. शेतातल्या निरनिराळ्या जागांची माती एकत्र कालवतात आणि तिचा एकच आकडा येतो. पेशींभोवतीचा सामूही बराच काळ असाच मोजला गेला.

ही मोजपट्टी १९०९ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेनसेन यांनी दिली. १९२०च्या दशकात ओटो वारबुर्ग यांना दिसलं, की कर्करोगाच्या पेशी ऑक्सिजन असतानाही भरपूर लॅक्टिक आम्ल बनवतात. पेशी ते बाहेर टाकतात. मग पेशीपटलाला अगदी लागून काय घडत असेल? ते कळायला सामूबरोबर बदलणारी आणि तिथेच टिकणारी खूण हवी.

आम्लता वाढली की मंदावणारं चमकदार रंगद्रव्य, फ्लुओरेसीन, बायर यांनी १८७१मध्येच बनवलं होतं. पण ते पाण्यात पसरतं, एका जागी राहत नाही. १९८२मध्ये रिंक, त्सिएन आणि पोझ्झान यांनी त्याचं भावंड, बीसीईसीएफ, पेशीत कोंडून दाखवलं; तो सामू मात्र आतला.

माझ्या मते खरी कलाटणी १९९८ची. न्यूयॉर्कमध्ये मिझेनबॉक, डी अँजेलिस आणि रॉथमन यांनी जेलीफिशच्या हिरव्या प्रथिनात बदल करून ‘फ्लुओरिन’ घडवलं आणि ते चेतापेशींतल्या पुटिकांच्या, म्हणजे इवल्या पिशव्यांच्या, आतल्या बाजूला जोडलं. पुटिकेत सामू सुमारे ५.५, बाहेर ७.४, आम्लतेत जवळपास ऐंशी पटींचा फरक. आत असताना प्रथिन विझलेलं. पुटिका पटलाला मिळून उघडली की ते उजळतं, परत आत ओढली जाऊन आम्लधर्मी झाली की मावळतं. एका चेतापेशीने दुसरीला निरोप धाडला, तो क्षण डोळ्यांना दिसू लागला! ही लुकलुक मी कितीही वेळा पाहत बसेन.

२००७मध्ये म्युन्स्टरच्या संशोधकांनी गव्हाच्या अंकुरातल्या, शर्करांना चिकटणाऱ्या प्रथिनावर फ्लुओरेसीन बसवलं आणि ते मेलॅनोमा या त्वचेच्या कर्करोगाच्या पेशींवर डकवलं. सरकणाऱ्या पेशीची पुढची कड मागच्या कडेपेक्षा आम्लधर्मी निघाली.

पुढे ऱ्होड आयलंड आणि येल इथल्या संशोधकांनी आम्लतेत पटलात रुतणारं एक पेप्टाइड, म्हणजे प्रथिनाचा छोटा तुकडा, घेतलं आणि त्याच्या बाहेर राहणाऱ्या टोकाला रंगद्रव्य बांधलं. २०१६मध्ये त्यांनी आकडे मांडले: भोवतालचा द्रव ७.४ असताना, झपाट्याने पसरणाऱ्या कर्कपेशींच्या पृष्ठावर सामू ६.७ ते ६.८. उंदरांच्या गाठींमध्ये अशाच पेशींवर ६.१ ते ६.४, तर न पसरणाऱ्या गाठींत ६.७ ते ६.९. उंदराच्या पोटात ग्लुकोज टोचलं, तरी गाठीतला हा आकडा ०.२ ते ०.३ने हललेला कळत होता.