गुळाचा रवा, तापलेले लोखंड आणि विश्वाचा आरंभ

अभिजात आणि पुंज भौतिकी : एकाच विश्वाचे दोन कायदे

कोल्हापूर - राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ मध्ये वसविलेली शाहूपुरी ही मूळची गुळाची पेठ. गुळाचे सौदे पुढे मार्केट यार्डात गेले, तरी पेठेचा व्यापारी बाज कायम आहे. माल उतरतो, काट्यावर चढतो, टेम्पोत भरला जातो. या सगळ्या उलाढालीवर न्यूटनच्या नियमांची सत्ता चालते. संध्याकाळी दुकानांतील एलईडी दिवे लागतात, मोबाईलवरून दिवसभराचा हिशेब पाठविला जातो, तेव्हा मात्र त्याच गल्लीत दुसऱ्या नियमांचा अंमल दिसतो. दिव्यातील प्रकाश आणि मोबाईलमधील चिप यांचा उलगडा न्यूटनच्या नियमांनी होत नाही. त्यासाठी पुंज भौतिकी, म्हणजेच क्वांटम भौतिकी लागते.

एका विश्वाला दोन कायदे कशासाठी? आणि हे दोन कायदे एकमेकांना भेटतात कोठे? यातील दुसऱ्या प्रश्नाचे पूर्ण उत्तर आजही कोणाजवळ नाही. त्या उत्तराच्या शोधात ज्यांनी मोलाची भर घातली, त्यांत कोल्हापुरात जन्मलेले डॉ. जयंत नारळीकर होते. त्यांचे काम समजून घ्यायचे, तर आधी हे दोन्ही कायदे समजून घ्यावे लागतात.

दोन गृहीतके

न्यूटनचा 'प्रिन्सिपिया' हा ग्रंथ १६८७ मध्ये प्रसिद्ध झाला. झाडावरून पडणारे फळ आणि पृथ्वीभोवती फिरणारा चंद्र एकाच नियमाने बांधलेले आहेत, हे त्याने दाखवून दिले. या नियमाच्या आधारे एडमंड हॅली यांनी १७०५ मध्ये एका धूमकेतूचे भाकीत केले. तो १७५८ मध्ये परत येईल, असे त्यांचे म्हणणे होते. हॅली १७४२ मध्ये निवर्तले. धूमकेतू मात्र १७५८ च्या डिसेंबरअखेर आकाशात दिसला. पुढे १८६० च्या दशकात मॅक्सवेल यांनी वीज, चुंबकत्व आणि प्रकाश यांना एकाच समीकरणसंचात गुंफले. या सर्व ज्ञानाला अभिजात भौतिकी म्हणतात.

या भव्य इमारतीच्या पायात दोन गृहीतके होती. पहिले असे, की ऊर्जा ही पाण्याच्या धारेसारखी सलग असते. ती हवी तेवढी थोडी घेता येते. दुसरे असे, की वस्तू आता कोठे आहे आणि किती वेगाने चालली आहे हे नेमके ठाऊक असेल, तर तिचे पुढचे सारे भवितव्य गणिताने सांगता येते. ही गृहीतके इतकी स्वाभाविक वाटत, की त्यांना कोणी गृहीतके म्हणतही नसे. पुंज भौतिकीने ती दोन्ही मोडली.

भट्टीतून निघालेला प्रश्न

पहिले गृहीतक मोडले ते तापलेल्या वस्तूच्या रंगामुळे. कोल्हापूरच्या फाउंड्री कामगाराला या रंगाची ओळख करून द्यावी लागत नाही. लोखंड तापवत नेले, की सुमारे सव्वापाचशे अंश सेल्सिअसला ते अंधुक तांबडे दिसू लागते. मग ते नारिंगी होते, पुढे पिवळसर आणि अखेर पांढरे. रंग पाहून तापमानाचा अंदाज बांधण्याची कारागिरांची रीत फार जुनी आहे. लोखंडाऐवजी भट्टीत दुसरा पदार्थ असला, तरी त्याच तापमानाला तो जवळजवळ त्याच रंगाने उजळतो.

हे असे का होते, याचे गणित एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अभिजात नियमांनी मांडून पाहिले, तेव्हा उत्तर भलतेच आले. त्या गणितानुसार तापलेल्या कोणत्याही वस्तूतून जांभळ्या रंगाच्याही पलीकडच्या, म्हणजे अतिनील किरणांचा अमर्याद वर्षाव व्हायला हवा होता. चुलीतल्या निखाऱ्यातून तसे काही होत नाही, हे साऱ्या जगाला दिसत होते.

जर्मन शास्त्रज्ञ मॅक्स प्लँक यांनी १४ डिसेंबर १९०० रोजी बर्लिनमध्ये यावर तोडगा मांडला. तो समजून घ्यायला गुळाचा रवा उपयोगी पडतो. घाऊक सौद्यात गूळ रव्याने घेतात. तिथे पाव रवा कोणी फोडून देत नाही. प्लँक यांचे म्हणणे असे, की पदार्थ प्रकाशाच्या रूपाने ऊर्जा देतो तीही अशा अखंड रव्यांनीच. शिवाय प्रत्येक रंगाचा रवा वेगळ्या वजनाचा. तांबड्याचा लहान, जांभळ्याचा त्याच्या जवळजवळ पावणेदोन पट, अतिनीलचा त्याहूनही मोठा. ज्याच्या खिशात पैसे थोडे, त्याला मोठा रवा परवडत नाही. तसेच कमी तापलेल्या लोखंडाला जांभळ्या वा अतिनील प्रकाशाचा रवा परवडत नाही, म्हणून ते तांबडेच राहते. तापमान वाढले, की मोठे रवेही बाहेर पडू लागतात आणि रंग पांढऱ्याकडे झुकतो.

ऊर्जेच्या या रव्यालाच पुंज किंवा क्वांटम म्हणतात. प्रकाश स्वतःच अशा पुंजांचा बनलेला असतो, असे आईनस्टाईन यांनी १९०५ मध्ये मांडले. ढाका विद्यापीठात शिकविणाऱ्या सत्येंद्रनाथ बोस यांनी १९२४ मध्ये या पुंजांची गणती करण्याची नवी रीत दिली आणि प्लँक यांच्या सूत्राला पक्का पाया मिळाला.

नेमकेपणाला मर्यादा

दुसऱ्या गृहीतकाची पाळी त्यानंतर आली. हायझेनबर्ग यांनी १९२५ मध्ये आणि श्रोडिंगर यांनी १९२६ मध्ये पुंजयामिकीची गणिती मांडणी केली. हायझेनबर्ग यांचे अनिश्चिततेचे तत्त्व १९२७ चे. कणाचे स्थान जितके काटेकोर ठरवावे, तितका त्याचा संवेग (वस्तुमान आणि वेग यांचा गुणाकार) अनिश्चित होतो, असे हे तत्त्व सांगते. हा दोष उपकरणाचा नव्हे. कितीही उत्तम उपकरण आणले, तरी ही मर्यादा ओलांडता येत नाही; कारण दोन्ही गोष्टी एकाच वेळी नेमक्या असणे कणाच्या स्वभावातच नाही.

दोन बारीक फटींवर एकेक करून इलेक्ट्रॉन सोडले, तर प्रत्येक इलेक्ट्रॉन मागच्या पडद्यावर एकच ठिपका उमटवतो. तो ठिपका कोठे पडेल हे आधी सांगता येत नाही. परंतु हजारो ठिपके जमले, की पाण्यावरील लाटा एकमेकींत मिसळाव्यात तसे पट्टे दिसू लागतात आणि त्या पट्ट्यांची जागा अचूक सांगता येते. पुंज भौतिकी एका कणाची खात्री देत नाही. ती शक्यतांचे गणित देते आणि ते कमालीचे काटेकोर असते.

मग न्यूटन चुकला का?

नाही. प्रत्येक चालत्या वस्तूला एक तरंगलांबी असते. क्रिकेटचा चेंडू सेकंदाला तीस मीटर वेगाने जात असेल, तर त्याची तरंगलांबी अणूच्या केंद्रकापेक्षाही अब्जावधी पटींनी लहान येते. ती कोणालाच कधी जाणवणार नाही. सेकंदाला हजार किलोमीटर वेगाने जाणाऱ्या इलेक्ट्रॉनची तरंगलांबी मात्र काही अणूंच्या रुंदीएवढी भरते. त्याच्या जगात तिच्याकडे दुर्लक्ष करताच येत नाही. मोठ्या वस्तूंपर्यंत येता येता पुंज भौतिकीचे नियमच न्यूटनच्या नियमांसारखे दिसू लागतात. न्यूटन आपल्या हद्दीत आजही खरा आहे. ती हद्द कोठवर, एवढेच विसाव्या शतकाने सांगितले.

जेथे दोन्ही कायदे लागतात

आईनस्टाईन यांचा व्यापक सापेक्षता सिद्धांत १९१५ चा. तो न्यूटनच्या पुढे गेला. पण या अर्थाने तोही अभिजातच. अनिश्चिततेला त्यात जागा नाही. हा सिद्धांत भारतात रुजविणाऱ्यांत प्रा. विष्णू वासुदेव नारळीकर अग्रणी होते. त्यांचाही जन्म कोल्हापूरचाच, १९०८ मधला. केंब्रिजहून परतल्यावर त्यांनी बनारस हिंदू विद्यापीठात गणित विभाग सांभाळला. त्यांचे पुत्र जयंत यांचा जन्म १९ जुलै १९३८ रोजी कोल्हापुरात झाला. वाराणसी आणि केंब्रिज येथे त्यांचे शिक्षण झाले. फ्रेड हॉयल यांच्यासमवेत त्यांनी १९६४ मध्ये गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडला. १९७२ मध्ये ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि १९८८ मध्ये पुण्यात 'आयुका' उभी राहिली.

विश्वाचा प्रसार काळात मागे मागे नेत गेले, की सापेक्षता सिद्धांत अशा क्षणाला पोचतो, जिथे आकार शून्य आणि घनता अनंत होते. अनंत हे उत्तर आले, की सिद्धांत तेथे थकला असे समजावे. तापलेल्या लोखंडाच्या गणितातही नेमके हेच झाले होते. इतक्या सूक्ष्म विश्वाला पुंज नियम लावायलाच हवेत. पण गुरुत्वाकर्षण आणि पुंज भौतिकी यांचा पूर्ण मेळ अद्याप बसलेला नाही. डॉ. नारळीकर यांनी आणि पुढे त्यांचे विद्यार्थी थाणू पद्मनाभन यांनी या प्रश्नाचा एक मर्यादित भाग वेगळा काढून सोडविला. विश्वाच्या एकूण आकारमानात पुंज चढउतार होतात असे मानले, तर ते शून्य आकाराच्या अवस्थेतून निघाले असण्याची शक्यता नगण्य ठरते, असा निष्कर्ष निघाला. हे अंतिम उत्तर नव्हते आणि तसा दावाही नव्हता.

महास्फोटाची कल्पना डॉ. नारळीकर यांना अखेरपर्यंत पटली नाही. बहुसंख्य शास्त्रज्ञांचे मत त्यांच्या विरुद्ध होते आणि आजही आहे. त्या बहुमताला बळ देणारा मोठा पुरावा म्हणजे १९६५ मध्ये जाहीर झालेले, साऱ्या अवकाशातून येणारे मंद प्रारण. त्याचे तापमान निरपेक्ष शून्याच्या जेमतेम पावणेतीन अंश वर आहे. 'कोबे' उपग्रहाने १९८९ नंतर ते मोजले, तेव्हा त्याचा आलेख प्लँक यांच्या सूत्राशी तंतोतंत जुळला. भट्टीतील लोखंडाचा नियम सबंध विश्वाला लागू पडला. या पुराव्याचा वेगळा अर्थ लावता येईल, असे डॉ. नारळीकर म्हणत राहिले. मात्र निवाडा निरीक्षणानेच व्हावा, हा त्यांचा आग्रह होता. २० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

नावाचा बाजार

आज 'क्वांटम' या शब्दाला बाजारभाव आला आहे. केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये सहा हजार कोटी रुपयांहून अधिक खर्चाच्या राष्ट्रीय क्वांटम अभियानाला मंजुरी दिली, ते खरे विज्ञान. त्याच नावाने आजार बरे करणारी लॉकेट विकली जातात, ती फसवणूक. 'सारे अनिश्चित आहे, तेव्हा काहीही घडू शकते', असा अनिश्चिततेच्या तत्त्वाचा अर्थ नाही. इलेक्ट्रॉनच्या चुंबकत्वाविषयी पुंज सिद्धांताने वर्तविलेले मूल्य प्रयोगाशी दहाहून अधिक अंकांपर्यंत जुळते. जो दावा मोजता येत नाही, त्याला हे नाव शोभत नाही.

मोजमापाचा विषय निघालाच आहे, तर पुन्हा काट्याकडे वळू. पूर्वी किलोग्रॅम म्हणजे पॅरिसजवळ जपून ठेवलेल्या धातूच्या एका ठोकळ्याचे वस्तुमान. २० मे २०१९ पासून ती व्याख्या गेली. आता किलोग्रॅम प्लँक यांच्या स्थिरांकावरून, म्हणजे ऊर्जेच्या रव्याचा आकार ठरविणाऱ्या संख्येवरून, ठरविला जातो. शाहूपुरीतला काटा चालतो न्यूटनच्या नियमाने. पण त्यावरचा किलो आज पुंज भौतिकीच्या हिशेबाने मोजला जातो.