तुटेपर्यंत ताणू नये



चाचणी जवळ आली की वर्गात कोणाचे पोट दुखते, कोणाला सारखी शू लागते, कोणाला पाठ असलेला पाढा आठवत नाही. मोठी माणसे म्हणतात, "नाटकं करतोय." पण ती नाटके नसतात. त्याला ताण म्हणतात.

ताण कसा येतो? भीती वाटली की मूत्रपिंडांच्या वर असलेल्या दोन लहान ग्रंथींतून अॅड्रेनलिन नावाचा रस रक्तात मिसळतो. छाती धडधडते. रक्त हातापायांकडे जास्त जाते, पोटाकडे कमी. म्हणून पोटात गोळा येतो. कुत्रा मागे लागला तर पळायला ही सोय बरी. पण गणिताच्या पेपरापासून पळून कुठे जाणार?

थोडा ताण चांगला असतो, त्यामुळे आपण अभ्यासाला बसतो. पण होडीचा दोर फार आखूड बांधला तर भरतीचे पाणी चढल्यावर तो तुटतो. तसेच आपले होते.

ताण परीक्षेचाच असतो असे नाही. नवी मुंबईच्या विमानतळासाठी दहा गावे हलवली. घरे बदलली, सवंगडी पांगले. नव्या शाळेत डबा कोणाबरोबर खायचा, याचासुद्धा ताण येतो.

मग काय करावे?

१) श्वास : चार आकडे मोजत श्वास घ्या, सहा मोजत सोडा. असे दहा वेळा करा. धडधड कमी होते.

२) झोप : आपल्या वयाला ९ ते १२ तास झोप लागते. म्हणूनच चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवू नयेत, असे शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये ठरवले. पण रात्री ११ पर्यंत मोबाईल बघितला तर काय उपयोग?

३) खेळ : मार्च २०२४ मध्ये शासनाने पहिली ते आठवीसाठी 'आनंददायी शनिवार' ठरवला. त्यात योगासने, खेळ, अडचण सोडवायच्या रीती असतात. तो दिवस बुडवू नका.

४) सांगणे : हे सर्वांत मोठे औषध. आईला, आजीला, बाईंना, नाहीतर मित्राला सांगा. कोणीच नसेल तर १०९८ हा मुलांसाठीचा फोन आहे. तो फुकट आहे, दिवसरात्र चालतो. १९९६ साली तो मुंबईत सुरू झाला.

पालकहो, एक विनंती. "शेजारच्याला किती पडले?" असे विचारू नका. मारल्याने भीती वाढते, पाढा येत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेत मुलांना मारायला बंदी आहे. मग घरी तरी का मारावे? मूल बरेच दिवस नीट जेवत नसेल, झोपत नसेल, शाळेला नको म्हणत असेल तर डॉक्टरांना दाखवा. आणि रोज पाच मिनिटे जवळ बसवून विचारा, "आज शाळेत काय झालं?" मग मधे न बोलता सगळं ऐका.

— इयत्ता चौथी