ताटलीतलं तेल, पाठीवरचा कोंडा

जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या अमेरिकी शास्त्रज्ञ दांपत्याने मिनेसोटा विद्यापीठात प्रयोगशाळेतल्या उंदरांच्या आहारातून स्निग्धांश पूर्णपणे काढून टाकला. उंदरांची कातडी कोरडी पडली, शेपट्यांवर खवले उठले. हा प्रयोग १९२९मध्ये प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षी त्यांनी दाखवून दिलं, की लिनोलेइक हे स्निग्धाम्ल दिल्यावर उंदीर बरे होतात.

कुत्र्याचं शरीरही हे आम्ल स्वतः बनवू शकत नाही. ते फक्त आहारातून मिळतं आणि त्वचेतलं पाणी धरून ठेवतं. दूध-पोळीवर वाढणाऱ्या कुत्र्याला ते कमी पडून कोंडा होऊ शकतो. करडईच्या पारंपरिक वाणांच्या तेलात त्याचं प्रमाण जवळपास तीन चतुर्थांश असतं, खोबरेल तेलात मात्र अगदी थोडं. म्हणून पाठीवर खोबरेल चोळण्यापेक्षा जेवणात थोडं करडईचं तेल मिसळणं अधिक उपयोगी. सुरुवात अर्ध्या चमच्यानेच करावी. जास्त तेलाने जुलाब होतात, स्वादुपिंडालाही सूज येऊ शकते.

फरक दिसायला वेळ लागतो. कुत्र्याच्या त्वचेतली नवी पेशी तळातून वर येऊन गळायला सुमारे तीन आठवडे घेते. आनुवंशिक सेबोरिया (खपल्या धरण्याचा त्वचाविकार) असलेल्या कॉकर स्पॅनियल जातीच्या कुत्र्यांमध्ये हाच प्रवास आठवडाभरात उरकतो. अर्धवट तयार पेशींचे पुंजके मग खपल्या होऊन झडतात.

आंघोळीला माणसांचा शाम्पू नको. माणसाच्या त्वचेचा सामू साडेपाचच्या आसपास असतो, कुत्र्याचा सातच्या जवळपास. शिवाय त्याची बाह्यत्वचा जेमतेम ३ ते ५ थरांची असते. कुत्र्यांसाठीचा ओटयुक्त शाम्पू लावून दहा मिनिटं ठेवावा आणि कोमट पाण्याने पूर्ण धुवावा. रोज ब्रश फिरवला की त्वचेतलं नैसर्गिक तेल केसांवर पसरतं. टी ट्री तेल मात्र कुत्र्यांना विषारी ठरू शकतं. ते लावू नये.

केस विंचरून कोंडा काळ्या कागदावर झाडावा आणि भिंगातून पाहावा. पांढरे कण हलताना दिसले, तर ते कायलेटिएला नावाचे सूक्ष्म परजीवी असू शकतात. ते माणसालाही चावतात, त्यामुळे घरच्यांच्या हातांवर किंवा पोटावर खाज सुटणाऱ्या पुळ्या उठतात. अशा वेळी तेल आणि शाम्पू पुरत नाहीत. पशुवैद्याच्या सल्ल्याने घरातल्या सगळ्या कुत्र्या-मांजरांवर एकदमच उपचार करावे लागतात. केस गोलाकार गळणं, वास येणं, वजन वाढून सुस्ती येणं ही लक्षणंही पशुवैद्याला दाखवावीत. त्यांमागे बुरशी, जंतुसंसर्ग किंवा थायरॉइडचा विकार असू शकतो.