बोलकी वही

आषाढात येडशीच्या रामलिंग घाटात पावसाच्या सरी कोसळू लागतात. समजा, गावातील एका विद्यार्थ्याने महिनाभर रोज पाऊस मोजला आणि अखेरीस शाळेच्या फळ्यावर फक्त सरासरी लिहिली. ती बरोबर आहे की नाही, हे इतरांनी कसे ठरवावे? आकडे एका वहीत, गणित पाटीवर आणि आलेख तिसऱ्याच कागदावर! त्यांतील एक जरी हरवले, तरी उत्तर नुसत्या विश्वासावर मानावे लागते.

संगणकीय वही ही अडचण दूर करते. ती संगणकाच्या पडद्यावर उघडते व तिला लहान लहान कप्पे असतात. एकात साध्या भाषेतील माहिती व गणिताचे सूत्र असते, तर दुसऱ्यात संगणकाला दिलेल्या आज्ञा. त्या आज्ञांच्या खालीच उत्तर, आलेख, चित्र किंवा ध्वनी प्रकट होतो. एखादा आकडा चुकला असेल, तर तो सुधारून सर्व आज्ञा वरून खाली क्रमाने पुन्हा चालवाव्या. लगेच सरासरीही बदलते आणि आलेखही.

फर्नांडो पेरेझ या शास्त्रज्ञाने २००१ साली विद्यार्थिदशेत आरंभिलेल्या कार्यातून २०११ मध्ये अशी एक वही सिद्ध झाली. २०१४ पासून ती ‘ज्युपिटर’ या नावाने ओळखली जाते. गॅलिलिओने १६१० साली गुरूचे चंद्र पाहून शब्द व आकृत्या एकत्र मांडल्या होत्या. त्या टिपणांचे स्मरण या नावात आहे.

१४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील लायगो वेधशाळांनी दोन कृष्णविवरांच्या मीलनातून निघालेल्या गुरुत्वीय लहरी प्रथमच टिपल्या. त्या गोंगाटात दडलेल्या होत्या. असा क्षीण संकेत ओळखण्याच्या गणिती पद्धतींवर पुण्याच्या आयुका संस्थेतील संजीव धुरंधर यांनी अनेक वर्षे संशोधन केले होते. २०१६ साली शोध जाहीर झाला, तेव्हा मोजमापांबरोबर अशी एक वहीही सर्वांसाठी खुली करण्यात आली. तिच्यातील आज्ञा चालवल्या की गोंगाट गाळला जातो, लहरीचा आलेख उमटतो आणि तिचा ध्वनीही कानी पडतो! मराठवाड्यातच, हिंगोली जिल्ह्यात, अशी वेधशाळा उभारण्यास २०२३ साली केंद्र सरकारने मंजुरी दिली.

येडशीच्या विद्यार्थ्यालाही ती वही उघडून थोर शास्त्रज्ञांचे गणित पायरीपायरीने तपासता येते. त्याने आपल्या पावसाची वही अशीच खुली ठेवली, तर त्याचेही गणित कोणालाही तपासता येईल. विज्ञानात लहानथोर सर्वांना हा एकच नियम लागू असतो.